‘फार्गो’ बघताना हसू आलं म्हणून आम्ही निर्दयी झालो का?

गिरणाकाठ :
परवा इथे ‘बांधावरचा’ यांनी लिहिलं की ‘फार्गो’वाल्या अमेरिकन दिग्दर्शक कोएन बंधूंचे सिनेमे म्हणजे खुनाची थट्टा. माणूस लाकडं बारीक करायच्या यंत्रात घालतात आणि लोक हसतात. ज्यांच्या घरात कधी खून झाला नाही त्यांची ही करमणूक. खाली पटापट अंगठे पडले. मला झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

‘फार्गो’ (१९९६) मधला जेरी हा गाड्यांच्या शोरूममधला सेल्समन. सासरा गडगंज, हा गळ्यापर्यंत बुडालेला. म्हणून हा स्वतःच्याच बायकोला पळवून न्यायला दोन माणसं लावतो. त्यांना सांगतो खंडणी ८० हजार डॉलर, सासऱ्याला सांगतो १० लाख. मधला गाळा याच्या खिशात. उधारी झाकायला आणखी उधारी करणारा जावई आपल्या जिनिंगच्या धंद्यात कुणी पाहिला नाही?

बायकोला उचलून नेल्यावर जेरी रिकाम्या घरात येतो. आपल्याला त्याचा घाबराघुबरा आवाज ऐकू येतो, सासऱ्याला काहीतरी सांगतोय. मग तोच वाक्याचा तुकडा पुन्हा, जरा वेगळ्या सुरात. तेव्हा कळतं की हा फोन लावायच्या आधी रडण्याची तालीम करतोय. मला तिथे हसू फुटलं आणि पुढच्याच क्षणाला पोटात गोळा आला. हे खुनाला हसणं नाही. तालमीला हसणं आहे. एवढा फरक ज्यांना कळत नाही त्यांनी सिनेमावर लिहू नये.

आणि यंत्राचंच म्हणाल, तर तिथे पोचते ती मार्ज, सात महिन्यांची गरोदर पोलीसबाई. यंत्राच्या आवाजात तिचं ओरडणं प्रेत आत घालणाऱ्या मारेकऱ्याला ऐकू जात नाही, म्हणून ती टोपीवरचा बिल्ला बोटाने दाखवते. मग त्याला गाडीत मागे बसवून ती साध्या शब्दांत विचारते, एवढं सगळं थोड्याशा पैशासाठी? तिला खरंच कळत नाही. अख्खा सिनेमा तिच्या बाजूने उभा आहे.

बांधावरचा :
भाऊ, तुम्ही सिनेमा सांगितला, मी घरचं सांगतो. माझ्या सख्ख्या मामाचा खून बांधावरून झाला. दीड हाताचा बांध. मी ११ वर्षांचा होतो. पंचनाम्याला आलेल्यांपैकी एकाची चप्पल केळीच्या बागेतल्या चिखलात रुतली आणि तो पडता पडता वाचला. तो हसला, मग बाकीचे हसले. मामा तिथे चादरीखाली होते. पुढे साक्षीदार फुटले, आरोपी सुटले. मामी तारखेला डबा घेऊन जायची आणि तसाच परत आणायची. तुमच्या तालमीला मला हसू येणार नाही.

गिरणाकाठ :
मामांचं वाचून वाईट वाटलं. पण तुम्ही जे सांगितलं तेच तर हे दोघे भाऊ दाखवतात! प्रेत पडलेलं असतं आणि कुणाची तरी चप्पल रुतते. जग असं आहे.

बांधावरचा :
माझ्या मामाचं उदाहरण तुमच्या बाजूला ओढू नका. हात जोडून सांगतो.

रावेरची केळी :
गिरणाकाठ, हे बोलायला नको होतं. मुद्दा बरोबर असला म्हणून कुठेही बोलायचा नसतो.

दादा, तुम्हाला मात्र एक सांगते. याच भावांचा ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ (२००७) बघा, निदान शेवट तरी. त्यात हसू फारसं नाहीच, पार्श्वसंगीतही जवळजवळ नाही. शिगर नावाचा मारेकरी आहे. एका ठिकाणी तो फोनवर बोलत असतो, फरशीवरून रक्त त्याच्याकडे पसरत येतं आणि तो बोलता बोलता पाय उचलून पलंगावर ठेवतो. शेवटाकडे तो एका विधवेच्या घरी जातो, नाणं काढतो. ती म्हणते, मी छापा-काटा सांगणार नाही, निर्णय नाण्याचा नाही, तुझा आहे. पुढचं दाखवतच नाहीत. नंतर तो एकटाच ओट्यावर येतो आणि आपल्या बुटांचे तळवे बघतो. बस. खून दाखवायचा कुठे आणि दार लावून घ्यायचं कुठे, हे ज्याला कळतं त्याला थट्टेखोर कसं म्हणू?

प्रोजेक्टरवाला भुसावळ :
‘बांधावरचा’ यांचा एक मुद्दा मीच मांडतो, कारण त्यांच्या बाजूने कुणी मांडला नाही. ‘फार्गो’च्या सुरुवातीला पाटी येते : ही सत्यकथा आहे, १९८७ साली मिनेसोटात घडली, वाचलेल्यांच्या विनंतीवरून नावं बदललीत, मृतांच्या आदराखातर बाकी सगळं जसंच्या तसं. धादांत खोटं. कथा रचलेली आहे. याच दोघांनी स्वतःच संकलन करून रॉडरिक जेन्स हे बनावट नाव लावलं आणि त्या नसलेल्या माणसाला ऑस्करचं नामांकन मिळालं, एकदा नाही, दोनदा. ती गंमत मला चालते. मृतांच्या आदराची पाटी नाही चालत.

गिरणाकाठ :
हे मला माहीत होतं आणि मी मुद्दाम लिहिलं नाही. ठीक आहे. पाटीचा मुद्दा मान्य. पण सिनेमा खोटा ठरत नाही.

शेवभाजी धुळे :
तुम्ही सगळे रक्तात अडकलात. ‘फार्गो’तली खरी हिंसा बोलीवर आहे! तिथली माणसं दर वाक्याला ‘याऽ’ करतात आणि अमेरिका खदखदा हसते. मिनेसोटाचे कितीतरी लोक तेव्हा चिडले होते. चिडणारच. मी पुण्यात होस्टेलला असताना मेसमध्ये तोंडातून ‘मला’ऐवजी ‘माले’ निघालं. त्या दिवसापासून तीन वर्षं माझं नाव ‘माले’. डिग्री घेऊन निघालो तेव्हाही निरोप देताना ‘माले चालला’. आपली बोली पडद्यावर आली की नोकराच्या नाहीतर बावळटाच्या तोंडी.

गिरणाकाठ :
अहो, पण कोएन तिथलेच. मिनियापोलिसला लागून असलेल्या सेंट लुई पार्कमध्ये वाढले. घरच्या माणसाने घरची बोली पडद्यावर आणली. आणि ‘याऽ’ म्हणणारी मार्जच तिथे सगळ्यांत हुशार आहे.

शेवभाजी धुळे :
घरचा हसला तर लागत नाही का? मालेगावच्या त्या कॉमेडी व्हिडिओंना कोटींनी प्रेक्षक आहेत. नाव खान्देशी, भाषा हिंदी! बहिणाबाईंनी अहिराणीत एवढं सोन्यासारखं रचून ठेवलं आणि आमची ओळख काय, तर पडणं-धडपडणं.

प्रोजेक्टरवाला भुसावळ :
मालेगाव नाशिक जिल्ह्यात आहे. त्यांचा हिशेब खान्देशाच्या माथी का?

शेवभाजी धुळे :
१८६९ ला नाशिक जिल्हा केला तेव्हा मालेगाव, बागलाण, नांदगाव आपल्यातूनच काढून तिकडे जोडले. इंग्रजाने रेघ ओढली म्हणून भाऊबंद तुटतात का?

रावेरची केळी :
थांबा. बहिणाबाई अहिराणीत नाही, लेवा गणबोलीत. आसोद्याच्या माहेरवाशीण होत्या त्या. दर वेळी हेच. आम्ही किती वेळा सांगायचं? माझी आजी त्याच बोलीत जात्यावर गायची. तिला कुणी अहिराणी म्हटलं की ती जातं थांबवायची.

शेवभाजी धुळे :
ताई, बोली शेजारशेजारच्याच आहेत, एवढं काय त्यात?

रावेरची केळी :
तुम्हाला तीन वर्षं ‘माले’ म्हटल्याचं दुःख आहे ना? मग आमच्या बोलीचं नाव पुसताना ‘एवढं काय’ कसं निघतं तोंडातून? अहिराणी तुमची, मला तिचा मान आहे. आमची वेगळी आहे.

शेवभाजी धुळे :
बरं. लेवा गणबोली. लिहिलं. पण मालेगावचं मी सोडत नाही.

कापूस वेचणी :
मी शेतकरी बाई, सिनेमे मुलाच्या मोबाइलवर बघते. या दोघांचा पहिला सिनेमा ‘ब्लड सिंपल’ (१९८४) पाहिला. एक माणूस रात्री गाडी घेऊन नांगरलेल्या वावरात जातो आणि दुसऱ्याला जिवंत पुरतो. फार वेळ चालतं ते, मला बघवेना. सकाळ होते, तर अख्ख्या नांगरटीतून गाडीच्या चाकोऱ्या सरळ त्या जागेपर्यंत गेलेल्या. मी मुलाला म्हटलं, ज्याने हे लिहिलं त्याने वावर बघितलंय. जमीन काही लपवत नाही. मला हसू नाही आलं, पण थट्टाही वाटली नाही.

बांधावरचा :
दोन दिवस काही लिहिलं नाही. रावेरच्या ताईंनी सांगितलं म्हणून काल रात्री तो ओट्यावरचा प्रसंग बघितला. तेवढाच. तो थांबतो, एक पाय उचलून तळवा बघतो, मग दुसरा.

केळीच्या बागेत चप्पल रुतलेल्या त्या माणसाने हसून झाल्यावर चप्पल ओढून काढली आणि उलटी करून बघितली होती. नुसता चिखलच लागलाय ना, हे तो बघत होता. मामीसमोर. हे मी आजवर घरातही कुणाला सांगितलं नव्हतं, विसरलोच होतो म्हणा. मोबाइल बंद करून बाहेर जाऊन बसलो.

ज्याने तो प्रसंग घेतला त्याला माहीत आहे, एवढं मानतो. ‘फार्गो’ मी बघणार नाही. तिथे लोक हसतात, आणि मला त्या हसणाऱ्यांत बसायचं नाही.

गिरणाकाठ :
नका बघू, भाऊ. ‘कळत नाही त्यांनी लिहू नये’ हे वाक्य मी मागे घेतो, आणि मामांचं उदाहरण ओढलं त्याबद्दल माफी मागतो. जेरीच्या तालमीबद्दल जे लिहिलं त्यातला शब्दही मागे घेत नाही.