‘आय’ खुणेची गिनी आपला वारसा कशी?

सूर्यमुख : धनतेरस जवळ आली की सराफ्यात ‘आय’ (इंग्रजी I) खुणेची नवी गिनी, म्हणजे सॉव्हरिन हे ब्रिटिश सोन्याचं नाणं, ‘मुंबई टांकसाळीची परंपरा’ म्हणून दाखवतात. मला हे अजिबात पटत नाही. 2013 पासून ही नाणी हरियाणात एमएमटीसी-पीएएमपी या कंपनीनं पाडली, तीही रॉयल मिंट या ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीच्या परवान्यानं. एका बाजूला तिकडचे राजाराणी, दुसरीकडे पिस्त्रुची या कोरीवकारानं 1817 साली घडवलेला घोडेस्वार. इंदूरकरानं जमवायचा तर मल्हारनगर या होळकरांच्या इंदूरच्या टांकसाळीचा सूर्यमुखाचा रुपया जमवावा.

टांकसाळवेडी : दादा, त्या रुपयावर नाव कुणाचं आहे? मुघल बादशाह शाह आलमचं, तेही फारसीत. सूर्य तेवढा होळकरांचा. तरी आपण त्याला आपलाच म्हणतो ना? मग मुंबईच्या गिनीला वेगळा न्याय का? 1918 साली महायुद्धामुळे मुंबईत रॉयल मिंटची शाखा उघडली. तयारी होईपर्यंत तिथंच गिनीच्या वजनाची 15 रुपयांची मोहोर पाडली, मग सुमारे 13 लाख गिन्या. भिंग लावून बघा : घोड्याखाली जमिनीची रेघ, तिच्यावर, खालच्या सनाच्या बरोबर वर मधोमध, बारीकसा ‘आय’. झिजलेल्या नाण्यावर डोळे ताणूनच शोधावा लागतो.

सूर्यमुख : शाह आलम नावापुरता होता हो! टांकसाळ होळकरांची, हुकूम होळकरांचा. मुंबईत हुकूम लंडनचा. 1919 मध्ये शाखा बंद केली तेव्हा आपल्याला कुणी विचारलं?

कसोटी : घेणारच असाल तर व्यवहाराचं बोलतो. गिनी 22 कॅरेटची, वजन 7.98 ग्रॅम, निव्वळ सोनं 7.32. मोडायला नेली की भाव तेवढ्याचाच. नव्या नाण्यावर दिलेला जादा पैसा सराफ्यात परत मिळेल असं धरू नका. 1918ची असेल तर आधी जाणकार संग्राहकाला दाखवा, मुशीत जाऊ देऊ नका. आणि कडी डाखू नका, किंमत पडते.

टांकसाळवेडी : कडीबद्दल माझं दुमत आहे. आपली पुतळ्यांची माळसुद्धा व्हेनिसच्या डुकाटवरूनच आली. परक्या नाण्याला बायकांनी गळ्यात घालून आपलं केलं. संग्राहकाला डाखाची खूण खोट वाटते, मला तो नाणं इथं नांदल्याचा पुरावा वाटतो.

सूर्यमुख : जुन्या गिनीपुरतं मान्य, ती मुंबईची आणि आपल्या घरांतली. पण 95 वर्षांनी टांकसाळ वेगळी, गाव वेगळं, कारागीर वेगळे, अक्षर तेवढं तेच. त्या एका अक्षरावर नव्या नाण्याला मुंबईचा वारसा कसा काय लावता?