तार गेली, मेसेज आला. निरोप पोचवायची जबाबदारी कुठे गेली?

निंबोणी

मेसेज म्हणजे पत्राचाच नवा अवतार, असं हल्ली सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. मेसेज पत्राच्या घराण्यातला नाहीच, तो तारेच्या घराण्यातला. मोजके शब्द, झटपट पोच आणि पैसे पडतात म्हणून केलेली काटकसर. १८७० मध्ये मुंबईहून एडनमार्गे विलायतेला समुद्राखालून केबल पडली. तिचे दर इतके चढे होते की व्यापारी अख्ख्या वाक्यासाठी एकच सांकेतिक शब्द ठरवून तारा करायचे. पुढे एसएमएसला रुपया पडायचा तेव्हा कॉलेजातली पोरं शब्दांतले स्वर गाळायची. कारण तेच.

पण या वारसाने तारेचा वेग घेतला, आटोपशीरपणा घेतला आणि एक गोष्ट मागेच टाकली. निरोप माणसाच्या हातात पडेपर्यंत तो कोणाची तरी जबाबदारी असायचा.

माझे वडील तारखात्यात होते. ते सांगायचे, आलेली तार उतरवून झाली की पाकिटात घालून शिपायाकडे जायची. शिपाई सायकलवरून घर शोधत यायचा, पावतीवर सही घ्यायचा, वेळ लिहून घ्यायचा. दाराला कुलूप असेल तर शेजारी चौकशी करायचा. घरात वाचता येणारं कोणी नसेल तर तोच वाचून दाखवायचा. काही तारांच्या उत्तराचे पैसे पाठवणाऱ्याने आधीच भरलेले असत, तेव्हा उत्तर लिहून होईपर्यंत तो उंबऱ्याशी थांबायचा. वाईट बातमी वाचणारा माणूस निदान त्या क्षणी एकटा नसायचा.

आता आजचं सांगते. माझी मावशी गेली हे मला कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. आधी दिसलं ते एका लांबच्या नातलगाचं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. कोण गेलं हे बघायला मला वर सरकत जावं लागलं. शुभ सकाळची फुलं, कोणाच्या तरी मुलाचा निकाल, त्यावरची अभिनंदनं, आणि त्या सगळ्याच्या वर मावसभावाने टाकलेली एक ओळ. ऑफिसच्या कँटीनमध्ये, हातात ताट घेऊन मी ते वाचत होते.

म्हणून माझं ठाम मत आहे: मृत्यू, अपघात, गंभीर आजार यांची पहिली बातमी मेसेजने देऊ नये. तुम्हाला काय वाटतं?

दर्यावर्दी

पूर्ण असहमत. निंबोणीताई, तुमच्या वडिलांबद्दल आदर ठेवून सांगतो, हे चित्र शहरातलं आहे.

आमच्या गावाला तारऑफिसच नव्हतं. तार तालुक्यापर्यंत विजेच्या वेगाने यायची आणि तिथून पुढे टपालाच्या थैलीतून, पावसाळ्यात तरीवर अवलंबून. माणूस गेल्याची तार तिसऱ्या दिवशी हातात पडायची. म्हणजे अंत्यदर्शनाचा प्रश्नच मिटला. वर मजकूर बहुधा इंग्रजीत. स्वातंत्र्यानंतर देवनागरीतही तारा घेऊ लागले, पण आमच्याकडे आलेल्या तारा मी इंग्रजीतच पाहिल्या. ‘मदर सीरियस स्टार्ट इमिजिएटली’ या चार शब्दांचा अर्थ लावायला शाळेतल्या मास्तरांकडे धावावं लागे. आणि ‘सीरियस’ म्हणजे खरंच आजारी की गेलीच, हे कोणालाच कळायचं नाही. बोटीत आणि एसटीत बसलेला माणूस घरी पोचेपर्यंत त्याच एका शब्दाशी झगडत असायचा.

तार आली म्हटलं की पाकीट उघडायच्या आधी बायका हंबरडा फोडायच्या. कोणाच्या नोकरीची तार असली तरी. हे काय मायेचं माध्यम झालं?

आणि तार मुळात आपल्यासाठी आलीच नव्हती. कलकत्ता ते डायमंड हार्बर ही १८५०-५१ ची पहिली तार कंपनी सरकारच्या कामासाठी होती. १८५७ च्या उठावाच्या बातम्या छावण्याछावण्यांत आधी पोचल्या त्या तारेने.

कातळशिल्प

मला वेगळ्याच मुद्द्यावर विरोध करायचा आहे.

निंबोणी, तू लिहिलंस की शिपाई वाचून दाखवायचा. त्या वाचून दाखवण्यात काय जायचं ते सांगते. माझे आजोबा परळच्या गिरणीत, आजी देवगडकडे गावी. दर महिन्याला मनीऑर्डर यायची. फॉर्मच्या खालच्या बाजूला मजकुरासाठी बोटभर जागा असायची, तीत आजोबा दोन ओळी लिहायचे. मेसेजचा खरा पूर्वज शोधायचा तर मी त्या कुपनात शोधीन. पोस्टमन खळ्यात उभा राहून ते मोठ्याने वाचायचा. सासू, दीर, जावा, शेजारची दोन माणसं, सगळी ऐकायला हजर. उत्तर लिहायचं तर कार्ड घेऊन मास्तरांकडे. आजीला आजोबांना खरं जे विचारायचं होतं, ते मास्तरांना लिहायला सांगणं तिला शक्यच नव्हतं. तिने ते कधीच विचारलं नाही. ‘सर्व क्षेम’ एवढंच वर्षानुवर्षं गेलं.

माझी आई सातवी शिकली. ती आता रात्री स्वयंपाकघर आवरून झाल्यावर बहिणीशी मेसेजवर बोलते. काय बोलते ते घरात कोणालाच ठाऊक नाही, आणि ते तसंच असायला हवं. लांबच्या माणसाशी मध्यस्थाशिवाय बोलणं आमच्या घरातल्या बाईला पहिल्यांदा या यंत्राने दिलं. तुला जो दारात उभा राहिलेला आधार वाटतो, तो आजीच्या दृष्टीने पहारा होता.

निंबोणी

@कातळशिल्प, आजीचं वाचून गलबललं. तुझा मुद्दा मान्यच आहे. रोजच्या बोलण्यासाठी मध्यस्थ नको, हजारदा नको. पण मी रोजच्या बोलण्याबद्दल लिहिलेलंच नाही. आई रात्री बहिणीशी काय बोलते हा एक विषय, आणि उद्या त्या बहिणीला काही झालं तर ते आईला कोणी आणि कसं सांगायचं हा दुसरा. ते तिने त्याच स्वयंपाकघरात, एकटीने, पडद्यावर वाचावं का?

@दर्यावर्दी, तार उशिरा यायची हे खरं. पण तो दोष तारऑफिसं कमी असल्याचा. वाईट बातमी माणसाने माणसाकडे न्यावी, या पद्धतीचा तो दोष नाही.

हिशोबनीस

थोडं तांत्रिक लिहितो, कारण मेसेजची बाजू नीट मांडली गेलेली नाही.

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ ला इंग्लंडमध्ये गेला. नील पॅपवर्थ या अभियंत्याने संगणकावरून पाठवलेला, मजकूर ‘मेरी ख्रिसमस’. एसएमएस तुमच्या बोलण्याच्या वाटेने जात नाही. टॉवर आणि फोन यांच्यात खुणेच्या संदेशांसाठी जी छोटी वाहिनी असते, तिच्यातून तो सरकवला जातो. म्हणून त्याची लांबी १४० बाइट, म्हणजे इंग्रजी १६० अक्षरं. फोन बंद असला तर संदेश केंद्रात थांबतो आणि फोन सुरू झाला की पुन्हा पाठवला जातो.

याचा उपयोग काय ते ११ जुलै २००६ ला कळलं. पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत स्फोट झाले त्या संध्याकाळी मी चर्चगेटला ऑफिसात होतो आणि धाकटा भाऊ गाडीत. फोन लागेना, सगळ्या लाइनी तुंबलेल्या. मी वेड्यासारखा नंबर फिरवत होतो. आणि तेवढ्यात त्याचा मेसेज आला, रोमन लिपीत, ‘मी ठीक, चालत निघालोय’. कोणताही शिपाई त्या संध्याकाळी सांताक्रूझहून चर्चगेटला आला नसता. त्या एका ओळीचं ऋण मी विसरणार नाही, त्यामुळे मेसेजला बेजबाबदार म्हटलेलं मला सहन होत नाही.

शिवाय तार मेसेजने मारलेलीच नाही. १९८५ च्या सुमाराला देशात वर्षाला ६ कोटी तारा जात होत्या, तारऑफिसं ४५,००० होती. शेवटी शेवटी उरली ७५. मधली पडझड झाली ती पिवळ्या एसटीडी बूथांनी. त्याआधी ट्रंक कॉल लावायचा म्हणजे नंबर नोंदवून तासन्‌तास बसायचं. बूथ कोपऱ्याकोपऱ्यावर आले, रात्रीचा सवलतीचा दर आला, आणि माणसं तारेऐवजी थेट बोलू लागली. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ चा. तोवर तारेला उतरती कळा लागलेलीच होती. तेव्हा निंबोणीताईंना जे हवंय ते तार नव्हे, फोनवरचा आवाज आहे. तशी तुलना करा, मग बोलू.

दर्यावर्दी

+१. आणि १४ जुलै २०१३ ला, शेवटच्या दिवशी, तारऑफिसांपुढे रांगा लावणाऱ्यांत आयुष्यातली पहिलीच तार करणारे कितीतरी होते. दुसऱ्या दिवसापासून कोणाचं काही अडलं नाही.

कज्जेदलाल

अडलं. न्यायालयात काम करणाऱ्या आम्हा लोकांचं, लष्करातल्या जवानांचं, सरकारी कचेऱ्यांचं अडलं. शेवटच्या वर्षांत तारा करणारे मुख्यतः हेच होते. घरून आलेली तार दाखवली की जवानाला रजेसाठी बोलता येई. पोलिसांनी माणूस उचलला तर नातेवाईक पहिली तार वरिष्ठांना आणि दंडाधिकाऱ्यांना करत, कारण त्या तारेवर सरकारी शिक्क्यानिशी तारीख आणि वेळ पडायची. पुढे अटक उद्याची दाखवली तरी आजची तार बोलायची.

पण निंबोणीताईंनी तारेला जितकं विश्वासार्ह ठरवलंय तितकी ती कायद्यानेही मानली नव्हती. जुन्या पुरावा कायद्याचं कलम ८८ बघा. तारऑफिसात जो मजकूर दिला तोच पोचला असं न्यायालय गृहीत धरू शकतं, पण तो दिला कोणी याबद्दल काहीही गृहीत धरता येत नाही. खिडकीवर कोणीही कोणाच्याही नावाने तार करू शके. रजेसाठी आजारी पाडलेल्या आयांची गणती नाही.

मेसेजची गोष्ट बरोब्बर उलटी. कोणत्या नंबरवरून आला ते सांगता येतं, पण तो त्याच माणसाने वाचला हे सांगता येत नाही. म्हणून तर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलं की हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपने पाठवली म्हणजे बजावली असं होत नाही. ज्या कागदावर माणसाचं स्वातंत्र्य अवलंबून आहे तो हातात द्या. माझ्या मते धाग्याच्या मूळ मुद्द्याला यापेक्षा मोठा आधार नाही. दोन निळ्या खुणा म्हणजे सही नव्हे.

निंबोणी

कज्जेदलाल, नेमकं हेच मला म्हणायचं होतं. पाठवणाऱ्याच्या बाजूने निळ्या खुणा आल्या की काम संपतं. समोरचा गाडी चालवतोय, परीक्षेला बसलाय की रडतोय, हे बघायचं काम कोणाचंच नाही.

हिशोबनीस, तुमच्या भावाच्या मेसेजबद्दल माझं काही म्हणणं नाही. ‘मी ठीक आहे’ जितक्या लवकर आणि ज्या वाटेने येईल तितकं चांगलं. पण ती बातमी उलटी असती तर? ती तुम्हाला मेसेजवर हवी होती का? आणि हो, फोन करा, एवढंच माझं मागणं आहे. त्याला तुम्ही आवाज म्हणा, मी शिपाई म्हणते.

कातळशिल्प

जाता जाता, हिशोबनीस, ते १६० इंग्रजीसाठी. देवनागरीत लिहिलं की तोच एसएमएस ७० वर येतो, आणि काना, मात्रा, पाय मोडण्याची खूण, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘श्रद्धांजली’ आपल्या डोळ्यांना चार अक्षरं, एसएमएसला ११. आपण इतकी वर्षं मराठी रोमन लिपीत लिहीत राहिलो त्यामागे हेही एक कारण आहे. इथे तारेचा आणि मेसेजचा अन्याय सारखाच.

दुसरी_पाळी

धागा दोन दिवस वाचतेय. ‘फोन करा’ यावर सगळ्यांचं एकमत होताना दिसलं म्हणून लिहिते. माझा भाऊ जन्मापासून ऐकू शकत नाही.

त्याच्यासाठी ट्रंक कॉल, एसटीडी, मोबाइल यातलं काहीही आलं नव्हतं. आमच्या घरी फोन आला तेव्हा सगळे आनंदात आणि तो एकटा त्या डब्याकडे बघत बसलेला मला आठवतो. एसएमएस आला तेव्हा तो नोकरीनिमित्त नाशिकला होता. त्याआधी त्याच्याशी बोलायचं तर पत्र, नाहीतर तो राहायचा त्या घरमालकांना फोन. पहिला फोन घेतला त्या रात्री आम्ही दोघं झोपलोच नाही, पॅक संपेपर्यंत लिहीत बसलो. म्हणून ‘मेसेजने सांगू नये’ असा नियम कोणी केला की माझ्या अंगावर येतं. त्याला सांगायचं असेल तर मेसेजनेच सांगावं लागतं. आवाज म्हणजेच माणुसकी, असं इथे कोणी धरून चालू नये.

निंबोणी

दुसरी_पाळी, तुमच्या भावाला फोनचा नियम लागू होत नाही, हे उघडच आहे. माझा आग्रह आवाजाचा नाही, सोबतीचा आहे. एक विचारू का? तुमच्या घरात अशी बातमी त्याला द्यायची वेळ आली तेव्हा तुम्ही काय केलंत?

दुसरी_पाळी

बाबा गेले तेव्हा. घरमालकांच्या सुनेला आधी फोन केला. तिला म्हटलं, वहिनी, वर त्याच्या खोलीत जा, काही बोलू नका, नुसत्या बसा, आणि गेलात की मला मिस्ड कॉल द्या. मिस्ड कॉल आल्यावर मी भावाला मेसेज केला. सगळं लिहिलं, किती वाजता, त्रास झाला का, शेवटी काय म्हणाले ते. वहिनींना खुणांची भाषा येत नाही, पोस्टमनसारखं वाचून दाखवणं त्यांना जमलंही नसतं. त्याने ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं. मग वहिनींनी त्याला नाशिक रोडवरून गाडीत बसवून दिलं.

दर्यावर्दी

म्हणजे मेसेजने सांगितलंच ना शेवटी. माझं मत कायम आहे.