वर्तनवाद : जमेच्या बाजू कोणत्या, तोकडा कुठे पडतो?

गुरुजी_आर्णी
डी.एल.एड.च्या, म्हणजे शिक्षक होऊ घातलेल्या मुलांना वर्तनवाद शिकवायचा आहे, म्हणजे दिसणारं वर्तन आणि त्याचे परिणाम यांवरून शिकणं समजावणारा मानसशास्त्रातला विचार. पुस्तकात पावलॉव्हचा खुणेवर लाळ गाळणारा कुत्रा, वॉटसनचा 1913 चा लेख, स्किनरची प्राण्यांवरच्या प्रयोगाची पेटी एवढंच येतं. ही मुलं उद्या खेड्यातल्या शाळेत उभी राहणार. कामाचं काय सांगावं? कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरीसाठी बक्षिसाच्या चांदण्या चिकटवून भागेल का?

समुपदेशक_दिग्रस
सगळ्यात मोठं बळ मोजमापाचं. 'पोरगं ऐकत नाही' हे वर्तन नव्हे. 'तासात किती वेळा जागेवरून उठतं' हे वर्तन. आधी पाच दिवस फक्त मोजा. मग बसून राहिल्याची दखल तिथल्या तिथे घ्या, सुरुवातीला दर खेपेला, सवय लागली की अधूनमधून. प्रबलन म्हणजे वर्तन वाढवणारा परिणाम; ते अनियमित असलं की लागलेली सवय लवकर सुटत नाही. उठण्याकडे दुर्लक्ष केलं की ते कधी कधी आधी वाढतं. नेमकं तेव्हाच गुरुजी ओरडतात आणि जास्त उठलं की लक्ष मिळतं, हे पोरगं शिकतं.

आणि ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे! गृहपाठ झाला की घरची कटकट थांबते, म्हणून गृहपाठ वाढतो, हे ऋण प्रबलन.

पऱ्हाटी
वावरातलं उदाहरण द्या. वेचणीची मजुरी किलोवर, म्हणजे स्थिर गुणोत्तर प्रबलन (ठरावीक कामाला ठरावीक मोबदला). हात भराभर चालतो, पण प्रबलन वजनाला आहे, स्वच्छतेला नाही. म्हणून दवातला ओला कापूस पाल्यासकट कमरेच्या ओट्यात जातो. इथे दोष मजुराचा नाही, मोबदल्याच्या रीतीचा. हे वर्तनवाद अचूक सांगतो.

उंदरापाशी मात्र अडतो. विषारी आमिषाने आजारी पडून वाचलेला उंदीर एकाच अनुभवात ती चव टाळतो, मळमळ उशिरा आली तरी. म्हणून झिंक फॉस्फाईड या उंदराच्या विषाआधी 2-3 दिवस बिनविषारी आमिष ठेवतात. गार्सिया आणि कोलिंग यांनी 1966 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं की मळमळ चवीशी जुळते, दिव्या-आवाजाशी नाही. विजेच्या झटक्याचं नेमकं उलट: तो दिव्या-आवाजाशी जुळतो, चवीशी नाही. कोणतंही उद्दीपक (चव, दिवा, आवाज अशी खूण) कशाशीही सारखंच जुळतं, हे गृहीतक तिथे मोडलं.

बालवर्ग_वर्धा
गुरुजी, चांदण्या जपून. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या 1973 च्या प्रयोगात चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना आधी सांगून बक्षीस दिलं, तर पुढे ती चित्रं काढण्यात कमी वेळ घालवू लागली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड घटली नाही. ज्याला गोडी नाही त्याला चांदणी द्या. जो आपणहून वाचतो त्याला नको.

वेचणीतली गैरहजेरी तर मुलाच्या हातातच नसते. धाकट्याला सांभाळायला घरी ठेवलेल्या मुलीला चांदणी काय करणार? धाकट्याची अंगणवाडीत सोय लावा आणि हजेरी पुन्हा मोजा.