मदत हवी आहे : मुरूड ते गणपतीपुळे, फेरीबोटींनी, कोजागिरीच्या सुमारास

कारने किनाऱ्याचाच रस्ता धरायचा आहे. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या चार फेरीबोटी. दिघीनंतर पेशव्यांचं श्रीवर्धन, पुढे हर्णैला सुवर्णदुर्ग, मग दाभोळ हे जुनं बंदर. मुक्काम मुरूड, हर्णै, गुहागर.

अडचण ओहोटीची आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, या हिशोबाने पौर्णिमेला (पंधरावी तिथी) भरती साधारण सव्वाअकराला, म्हणजे साडेपाचला पाणी अगदी खाली. पौर्णिमेच्या उधाणाची, म्हणजे नेहमीपेक्षा खोल ओहोटी असल्याने जेटीचा उतार उघडा पडतो, शेवाळावर चाकं घसरतात आणि बुटक्या गाडीचा पुढचा बंपर बोटीच्या फळीला घासतो. नेमके त्याच वेळी धोपाव्याला उतरणार. तेव्हा दाभोळहून दुपारी दोनच्या आत निघावं, की धोपाव्याचा उतार ओहोटीतही सोपा आहे?

दुसरं, केळशी–आंजर्ले–हर्णै रस्ता पावसानंतर कसा आहे? अरुंद वळणांवर एसटी समोर आली तर मागे घ्यायला जागा मिळते का? नाहीतर मंडणगड–दापोलीवरून जाऊ, पण समुद्र सोडायचं जिवावर येतं.

राजपुरीहून जंजिऱ्याच्या शिडाच्या होड्या सकाळी किती वाजता सुटतात, तेही सांगा. नुकतं जाऊन आलेल्यांनी कृपया महिना लिहून उत्तर द्यावं.