ठगांच्या प्राणिसंग्रहालयात आणखी कोण हवे?

प्रश्न (कोडेकार):
आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात यंदा फसवणुकीपासून सावध करणारा फलक लावायचा असून त्याचे नाव ‘ठगांचे प्राणिसंग्रहालय’ असे ठरले आहे. ध्यानस्थ बगळा, डोळे मिटून दूध पिणारे मांजर आणि ‘गोगलगाय नि पोटात पाय’ असे तीन पिंजरे भरले. फसणाऱ्यासाठी बकरा आहेच. मात्र पोलिस असल्याचे भासवून ‘तुम्हाला डिजिटल अरेस्ट झाली आहे’ असे फोनवरून धमकावणाऱ्यासाठी आणि दामदुप्पट योजनेच्या एजंटासाठी चपखल प्राणी मिळत नाही. शिवाय टोपी घालणे, शेंडी लावणे, चुना लावणे यांत जनावर कुठेच कसे नाही?

जुनी पाटी:
मराठीत फसवण्याच्या क्रियेला जनावर लागत नाही, सोंगाला लागते. हे सोंग फार जुने आहे: मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात दांभिकांना ‘बैडालव्रतिक’ आणि ‘बकव्रतिक’, म्हणजे मांजराचे व बगळ्याचे व्रत घेतलेले, म्हटले आहे, आणि महाबलीपुरमच्या सातव्या शतकातील प्रचंड शिल्पपटात पुढचे पाय वर जोडून तप करणारे मांजर व त्याच्या पायाशी जमलेले भाविक उंदीर आजही पाहता येतात. तोच फोटो फलकावर लावा, मजकुराची गरजच उरणार नाही.

रानवाटा:
फोनवाल्यासाठी वाघाचे कातडे पांघरलेले गाढव घ्यावे. एजंटासाठी मांडूळ. गुप्तधन मिळवून देतो म्हणून हा दुतोंडी समजला जाणारा साप चोरून लाखोंना विकला जातो, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण असूनही ते थांबलेले नाही. वास्तविक त्याला तोंड एकच असते, दुसऱ्या टोकाला नुसती बोथट शेपटी असते. दोन तोंडे असतात ती विकणाऱ्याला. कोंबडीही विसरू नका. २०१९ साली सांगली जिल्ह्यात उघड झालेल्या कडकनाथ प्रकरणात पिल्ले व खाद्य आम्ही देऊ, अंडी आणि पक्षी चढ्या भावाने परत घेऊ, असे सांगून शेतकऱ्यांकडून पैसे घेण्यात आले. पुढे खरेदी थांबली, खाद्य बंद झाले आणि शेडमध्ये उपाशी कोंबड्या तेवढ्या उरल्या. सोन्याचे अंडे देणारी कोंबडी मालकाने कापल्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकली होती, इथे कोंबडीनेच मालक कापला.

शब्दमित्र:
एक सूचना आहे. फलकावर ‘भामटा’ किंवा ‘उचल्या’ हे शब्द नकोत, कारण ती समाजांची नावे असून ब्रिटिशांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींचा तो डाग अजून पुसला गेलेला नाही. बोका म्हटल्याने कुणाचे मन दुखावत नाही, बोक्याचेही नाही.

कोडेकार:
सर्वांचे आभार. गोगलगाय काढून मांडूळ घेतले आहे. चित्र काढणाऱ्या शाळकरी मुलाने त्याला दोन्हीकडे डोळे आणि जिभा काढल्या होत्या. एक बाजू आज त्याच्याकडूनच खोडून घेतली आणि ती जीभ शेजारच्या एजंटाला दिली.