फ्लॉपी ड्राइव्ह उन्हात चालतो, डब्यात बसवला की बंद

काटोलनाकेवाला:
मंडळी, डोकं चालेना झालंय. बाबांनी १९८९ साली संत्र्याच्या बागेचा हिशोब कॉम्प्युटरवर घातला होता. त्या सव्वापाच इंची, ३६० केबीच्या ११ फ्लॉप्या माळ्यावर सापडल्या. जुना एक्सटी कॉम्प्युटर अजून सुरू होतो. ड्राइव्ह वरचा पत्रा काढून व्हरांड्यातल्या टेबलावर जोडला, तर सकाळी झकास वाचतो. कॉम्प्युटरच्या डब्यात बसवला की ‘सेक्टर नॉट फाउंड’ अशी एरर. दुपारनंतर टेबलावरही तेच रडगाणं. नागपूरचा मे महिना, पारा ४५वर, म्हणून गरमीला दोष देऊन कूलरसमोर ठेवला. ढिम्म. मशीन बंद करून फ्लॉपी वाचणारं हेड बोटाने बाहेरच्या कडेला सारलं, तर मात्र डब्यातही एकदा वाचतो. हेड साफ केलंय.

बर्डीचा_सोल्डर:
व्हरांडा पूर्वेला आहे का भाऊ?

काटोलनाकेवाला:
हो जी. त्याचं काय?

बर्डीचा_सोल्डर:
मग ऊनच तुमचा ड्राइव्ह चालवतंय! हेडच्या गाडीला एक पत्र्याची जीभ असते. हेड शून्य ट्रॅकवर, म्हणजे फ्लॉपीच्या सगळ्यात बाहेरच्या गोल पट्टीवर आलं की ती सेन्सरच्या फटीत शिरते आणि एलईडीचा उजेड अडवते. तुमचा इन्फ्रारेड एलईडी म्हातारा झालाय. फट मोकळी असली तरी समोरच्या, उजेड ओळखणाऱ्या फोटोट्रान्झिस्टरला अंधारच दिसतो, म्हणून ड्राइव्ह चालवणाऱ्या कंट्रोलरला वाटतं हेड शून्यावरच आहे. तो तिथून मोजायला लागतो आणि भलत्याच ट्रॅकवर पोचतो. उन्हात इन्फ्रारेड भरपूर, तेवढ्यावर भागतं. रात्री जुना बल्बवाला टॉर्च सेन्सरवर मारून बघा. एलईडी टॉर्च नको, त्यात इन्फ्रारेड जवळजवळ नसतं.
मीटरही लावा. फट मोकळी असताना फोटोट्रान्झिस्टरच्या कलेक्टर नावाच्या पायावर ०.८ व्होल्टच्या खाली यायला हवं.

टिकली_रिबन:
आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या इयर बडने फट पुसा. कूलरच्या हवेतली धूळ काय कमी असते? नाही जमलं तर कबाड्याकडून मेलेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणा, त्यात असाच सेन्सर मिळतो. फटीची रुंदी जुळवा, पायांचा क्रम तपासा. एलईडीची बाजू उलटी असू शकते. आणि स्क्रू ढिला करण्याआधी जागेवर सुईने खूण करा. सेन्सर सरकला तर शून्यच सरकेल.

काटोलनाकेवाला:
टॉर्चने चालला! मीटरवर २.६ आलं, पुसल्यावर २.२. शेवटी इतवारीतून २०० रुपयांना प्रिंटर आणला. पाय खरंच उलटे निघाले, बरं झालं आधी बघितलं. आता फट मोकळी असताना ०.२, जीभ आत गेली की ४.८. डब्यात, रात्री ११ वाजता ‘मृग८९’ नावाची फाइल उघडली. पहिल्याच ओळीत मजुरी आणि फवारणी. बाबांना फोन केला, ते म्हणाले त्या साली संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटचा मोहोर गेला होता, म्हणून पावसाळ्यातल्या मृग बहाराचा एवढा बारीक हिशोब.
एका फ्लॉपीवर पांढरे ठिपके आहेत. घालून बघू का?

टिकली_रिबन:
अजिबात नको! बुरशी आहे ती. हेडला चिकटेल आणि पुढची फ्लॉपी खरवडेल. आधी बाकीच्या १० उतरवून घ्या.