एमडी स्किननंतरची पहिली ऑफर: आकडा कसा वाचायचा?

सातपूरकर:
भाची त्वचारोगात एमडी आहे, बाँडचं (सक्तीच्या सरकारी सेवेचं) वर्ष संपत आलंय. पुढे चार वाटा आहेत: पुण्यातलं मोठं हॉस्पिटल (६ महिने दीड लाख एमजी, मग शेअरिंग, म्हणजे बिलातला टक्का), कॉस्मेटिक क्लिनिकची साखळी (फिक्स १ लाख ८० हजार), नागपूर एम्समध्ये असिस्टंट प्रोफेसर, नाहीतर नाशिकला स्वतःचं क्लिनिक. डिग्री एकच, मग आकड्यांत एवढी तफावत का? आणि करारात नेमकं काय बघायचं?

शेअरिंगचा_हिशेब:
एमजी म्हणजे मिनिमम गॅरंटी. ती संपल्यावर काय, हाच खरा करार. ओपीडी फीचा वाटा आणि प्रोसिजरचा वाटा वेगवेगळा लिहून घ्या. त्वचेच्या डॉक्टरांची कमाई बदलते ती प्रोसिजरवर.

बोटॉक्सचं उदाहरण घ्या. भुवयांमधल्या आठ्यांना २० युनिट, दोन्ही डोळ्यांच्या कडांना मिळून २४, एकूण ४४. समजा दर युनिटला ३०० रुपये, तर बिल १३,२००. वायल (औषधाची कुपी) ५० युनिटची, किंमत समजा ९,०००. उरलेली ६ युनिट वायाच धरायची, कारण सलाइन घातल्यावर वायल २ ते ८ अंशांत ठेवून २४ तासांत संपवायची असते आणि ती एकाच पेशंटसाठी असते. आता "५० टक्के शेअर" कशावर? पूर्ण बिलावर असेल तर ६,६००. मटेरियल वजा करून असेल तर ४,२०० चे निम्मे, म्हणजे २,१००. पहिला हिशेब हॉस्पिटलला परवडतच नाही, त्यामुळे मटेरियल वजा होणार हे धरूनच चाला. विचारायचं ते असं: वजा कोणत्या भावाने, खरेदीच्या की एमआरपीच्या? इथेच महिन्याला मोठा फरक पडतो.

शिवाय डिस्काउंट कोणाच्या वाट्यातून जातो आणि इन्शुरन्सचे पैसे अडकले तर शेअर बिल झाल्यावर मिळतो की वसुलीनंतर, हेही लेखी हवं.

लेव्हल_बारा:
एम्सबद्दल एक दुरुस्ती. असिस्टंट प्रोफेसरला एमडीनंतर ३ वर्षांचा अनुभव लागतो. ते पद सरकारी वेतनश्रेणीच्या लेव्हल १२ चं, सुरुवात १,०१,५०० पासून. आत्ता भाचीला सीनियर रेसिडेंट होता येईल: लेव्हल ११, मूळ पगार ६७,७००. त्यावर २० टक्के एनपीए (खासगी प्रॅक्टिस न करण्याचा भत्ता) म्हणजे १३,५४०, आणि महागाई भत्ता या दोन्हींच्या बेरजेवर. एनपीए घेतला की खासगी प्रॅक्टिस बंद, संध्याकाळचं क्लिनिकसुद्धा. पण पुढे एम्समध्ये शिकवायचं असेल तर ही ३ वर्षं लागतातच, तेव्हा केवळ पगाराकडे बघून ही वाट सोडू नका.

फ्लुएन्स:
साखळी क्लिनिकचा फिक्स आकडा चांगला दिसतो, पण त्यातली जबाबदारी वाचा. केस काढायचं लेझर अनेकदा टेक्निशियन मारतो आणि संमतिपत्रावर सही डॉक्टरची असते. उन्हात रापलेल्या त्वचेवर डायोड लेझरची एनर्जी कमी केली नाही, तर त्वचेतलं मेलॅनिनच (रंगद्रव्य) ती शोषून घेतं. मग भाजतं, नंतर काळे डाग पडतात. सावळ्या त्वचेला लांब वेव्हलेंग्थचं १०६४ एनएम (नॅनोमीटर) एनडी-याग लेझर जास्त सुरक्षित. सेटिंग ठरवायचा आणि पेशंटला परत पाठवायचा अधिकार डॉक्टरकडे आहे का? इन्डेम्निटीचा (पेशंटने दावा केला तर भरपाई देणाऱ्या विम्याचा) हप्ता कोण भरणार? रिफंड पगारातून कापणार का? टार्गेट आहे का? आणि "सोडल्यावर २ वर्षं ५ किलोमीटरच्या आत प्रॅक्टिस नाही" असं कलम असेल तर घाबरू नका. नोकरी सुटल्यानंतरचं असं बंधन करार कायद्याच्या कलम २७ मुळे टिकत नाही. नोटीस पीरियड मात्र पाळावा लागतो.

सातपूरकर:
खूप उपयोगी. नाशिकच्या क्लिनिकचं गणित कसं मांडायचं?

शेअरिंगचा_हिशेब:
रोज २५ पेशंट, फी ४००, महिन्याला २५ दिवस, म्हणजे अडीच लाख असं सगळे मांडतात. आठवड्याच्या आत फॉलोअप मोफत ठेवला आणि २५ पैकी १० फॉलोअप असले, की उरतात दीड लाख. त्यातून भाडं, रिसेप्शनिस्ट, बायोमेडिकल कचरा. पावसाळ्यात गजकर्णाने ओपीडी भरते, पण मेडिकलमधून स्टेरॉइडची मिश्र मलमं आणून लावलेल्या पेशंटला वेळ जास्त द्यावा लागतो आणि फी तेवढीच. या कामाला योग्य मोल मिळत नाही, हे मनापासून वाटतं.

पहिल्या वर्षी लेझर घेऊ नका. २० लाखांचं कर्ज, ५ वर्षं, ११ टक्के व्याज, तर हप्ता साधारण ४३,५००. काखेची एक सिटिंग २,००० ला धरली तर महिन्याला २२ सिटिंग नुसत्या हप्त्यात जातात. वॉरंटी संपल्यावर एएमसी (वार्षिक देखभाल करार), हँडपीस वेगळे. आधी आठवड्यातून एक दिवस मशीन भाड्याने आणा. तो दिवस ३ महिने भरत राहिला तर विकत घ्यायचा विचार करा. क्रायो (गोठवून उपचार), कॉटरी (जाळून उपचार), केमिकल पील यांना भांडवल कमी लागतं.

कर_सल्ला:
दोन गोष्टी राहिल्या. हॉस्पिटल १० टक्के टीडीएस कापत असेल तर ती प्रोफेशनल फी आहे, पगार नाही. त्यामुळे पीएफ, ग्रॅच्युइटी धरू नका. दुसरं, उपचाराला जीएसटी नाही, पण निव्वळ सौंदर्यासाठीच्या प्रोसिजरला आहे. २० लाखांची नोंदणीमर्यादा मोजताना करमुक्त ओपीडीसुद्धा धरतात. ओपीडी १७ लाख आणि कॉस्मेटिक ४ लाख झालं तरी नोंदणी लागते. कर फक्त त्या कॉस्मेटिक कामावर. म्हणून दोन्हींची बिलं पहिल्या दिवसापासून वेगळी फाडा.